भिंतीपलीकडचा फ्लॅट

बुधवार, ११ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मग दुसरं काय करू? माझी तब्येत उत्तम आहे, गुडघे सोडून. तुझं वजन वाढलंय असं तुझ्या मुलाने सांगितलं.

त्यानेच सांगितलं की तू राहतं घर विकलंस आणि शहराबाहेरच्या कुठल्याशा टॉवरमध्ये फ्लॅट बघतेयस. तिथे पोहायचा तलाव आहे म्हणे. अगं, लहानपणी हौदात नुसते पाय सोड म्हटलं तरी आईच्या मागे लपायचीस तू! तलावाचं काय लोणचं घालणार आहेस?

इकडची बातमी म्हणजे, शेजारच्या मास्तरीणबाईंना त्यांचा लेक घेऊन गेला आणि फ्लॅट विकायला काढला. रविवार उजाडला की एजंट गिऱ्हाइकं आणतो. जुनी वस्ती, मोठाली झाडं, दवाखाना हाकेच्या अंतरावर, ही त्याची पोपटपंची. मग "शेजारच्या काकूंनाच विचारा" म्हणून त्यांना माझ्या दारात उभं करतो. घर घेणारा शेजाऱ्याचा शब्द मानतो, हे त्याला ठाऊक आहे. मलाही आहे.

काय एकेक नग येतात! एक जोडपं आलं. बायकोने टेप लावून टीव्ही बसतो का ते पाहिलं आणि नवऱ्याने मला विचारलं, "इथले लोक कल्चर्ड आहेत ना?" स्वतः चिखलाचे बूट घालून माझ्या सतरंजीवर उभा. त्यांना मी छताची गळती सांगितली. दुसरा एक सोन्याच्या घड्याळवाला, बाल्कनीसमोरचं झाड बघून म्हणाला, "हे कापता येईल ना?" त्याला पाण्याच्या वेळा सांगितल्या, वर सेक्रेटरीचा स्वभावही. एकूण एक पळाले. एजंट हल्ली मला काकू म्हणत नाही.

खोटं मी एक अक्षर बोलले नाही. गळती आहे, पाणी जातं, लिफ्ट रुसते, सेक्रेटरी माणूसघाणा आहे. तुझ्या घराला खुराडं म्हणाले, तेही खोटं नव्हतं. तेवढ्यावरून तू बोलणं टाकलंस. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हे आपल्या घराण्यात कुठून आलं कोण जाणे.

आता म्हणशील, ताई, गिऱ्हाइकं पळवून तुला काय मिळालं? फ्लॅट रिकामा राहिला, ते मिळालं. सगळं बोलायला लावतेस.

मास्तरीणबाईंच्या आणि माझ्या ओट्यामागची भिंत एकच. तुझे भाऊजी गेल्यापासून आम्ही दोघी सकाळी उठलो की लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायचो. तिचे ठोके आले, माझे गेले, म्हणजे दोघी धडधाकट आहोत, चहा टाकायला हरकत नाही. एकदा माझे ठोके गेले नाहीत तर किल्ली घेऊन धावत आली बिचारी. मी न्हाणीघरात पडले होते. तुला कळवू नका, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

ती गेली, तरी सकाळी माझा हात लाटण्याकडे जातो. ठोकते. पलीकडे आहे कोण उत्तर द्यायला?

तर गेल्या रविवारी एक निवृत्त नर्स आली. एकटीच. तिला मी गळतीपासून सेक्रेटरीपर्यंत सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एजंटला म्हणाली, "इतकं खरं बोलणारी शेजारीण मिळते कुठे? मी घेते हे घर." आता काय म्हणावं या बाईला! मग ती शेजारी जाऊन भिंती पोकळ आहेत का ते वाजवून बघू लागली. मी माझ्या ओट्याशी भांडी लावत होते. भिंतीवर दोन ठोके पडले. धाकटे, मी लाटणं उचललं आणि उलट ठोकले. विचारसुद्धा केला नाही. मग तिथेच ओट्याला टेकून रडले. तिचा राग आला होता, आणि तुझा त्याहून जास्त.

येत्या रविवारी ती टोकन द्यायला येणार आहे. बाई चांगली आहे, तेच वाईट आहे. ती राहायला आली की मी रोज तिला उत्तर देईन. पलीकडून कोणी ठोकलं तर गप्प राहवत नाही. आणि मग हळूहळू तुझ्यावाचून माझं अडेनासं होईल. ते मला नको आहे. मला भिंतीपलीकडे तू हवी आहेस.

शनिवारी ये. एजंटला मी सांगून टाकलंय की माझी धाकटी बहीण घर बघायला येतेय, आणि ती माझ्यासारखी फटकळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता तुझ्या वतीने शब्द दिलाय, तोंडघशी पाडू नकोस. गळतीचं फार मनावर घेऊ नकोस, बादली ठेवली की भागतं.

लाटणं हाताशी ठेवून,
तुझी ताई