बादशहाचा पुतण्या

अमरावती, ९ सप्टेंबर १९६१

तीर्थरूप खेमसिंगकाका नाईक यांचे चरणी पुतण्या पूनमसिंगचा दंडवत. वि. वि.

मी खुशाल आहे. बी.ए.ची तिसरी खेप चालू आहे. यंदाही इतिहासात ते बायझंटाइन बादशहा आहेतच, नव्वदाच्या घरात. हे लोक सुखासुखी मरत नाहीत. एकाचं नाक कापलं, कित्येकांना मठात कोंडलं. एकीनं तर पोटच्या पोराचे डोळे काढवले आणि स्वतः गादीवर बसली. इसाक म्हणून एक होता, त्याचे डोळे सख्ख्या भावानं काढले आणि गादी बळकावली. पण इसाकाचा मुलगा निसटला, तो परमुलखाची फौज घेऊनच परतला, आणि काकाला पळता भुई थोडी झाली. वाचताना तुमची फार आठवण आली.

हे राज्य सुरू कधी झालं यावरही पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतो रोमच्या बादशहानं नवी राजधानी वसवली तेव्हा, कुणी म्हणतो राज्याचे दोन वाटे झाले तेव्हा, कुणी म्हणतो जुनं रोम बुडालं तेव्हा. आपल्या तांड्याच्या नसाबीतल्या पंचांना काही सुचलं तर कळवावं.

दिवाळीला येतो. सोबत वसतिगृहातले चार धडधाकट दोस्त आहेत. सोनीबाईकाकीस दंडवत. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

पूनमसिंग


तांडा, नेरजवळ, १७ सप्टेंबर १९६१

चि. पूनमसिंग यास खेमसिंग नाईकाचे आशीर्वाद, अजून लागत असतील तर.

अक्षर देवीलाल कारभाऱ्याचं, मजकूर माझा. नाईकाला आलेलं पत्र सगळ्या तांड्याचं, म्हणून रीतीप्रमाणे देवीलालनं ते लिंबाखाली मोठ्यानं वाचलं. नाक कापलं तिथपर्यंत लोक हसले. वाचन काका-पुतण्यापाशी आलं तसे सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुझे बापू तांड्याचे नाईक असताना वारले, तू चौदा वर्षांचा, म्हणून नसाबीनं तू शिकून परत येईस्तोवर पागोटं माझ्या डोक्यावर ठेवलं. आठ वर्षं झाली, ही गोष्ट तांड्यातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पागोटं पाहिजे तर सरळ मागावं, इसाकाला मधे कशाला घालावं? म्हाताऱ्या लालीबाईनं भर सभेत विचारलं, की खेमसिंगानं भावाचे डोळे कवा काढले? दादा मुदतीच्या तापानं गेले हे मला शपथेवर सांगावं लागलं. तुझी काकी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझ्या फौजेचं ऐकून इथल्या पोरांनी काठ्यांना तेल लावलं आहे. दोस्त कशासाठी येतात ते आगाऊ कळव.

तुझ्या प्रश्नाचा निकाल मात्र नसाबीनं दिला, कारण न्याय तो न्याय. तांडा नाईकाच्या नावानं असतो, जागेच्या नव्हे. तुझे आजोबा बैल हाकत झरीच्या जंगलातून इकडे उतरले तेव्हा काय नवा तांडा झाला? रोमचा नाईक दुसरीकडे उतरला, तांडा तोच. सुरुवात झालीच नाही, मग तारीख कसली? भांडणाऱ्या पंडितांनी दंड म्हणून एकेक बकरं द्यावं.

लोभ उरला असल्यास कळावा.

खेमसिंग नाईक


अमरावती, २४ सप्टेंबर १९६१

तीर्थरूप काकांचे चरणी, डोकं जमिनीला टेकवून.

पाकिटावर खासगी लिहिलं आहे, रागावू नका. फौजेची हकीकत अशी: लोहाऱ्याच्या अय्यूबला चष्म्याशिवाय ताट दिसत नाही, युनूसला मिरची सोसत नाही, आणि उरलेले दोघे काकीच्या हातचं खायलाच येताहेत.

नसाबीचा निकाल इतिहासाच्या सरांना सांगितला. ते म्हणाले, की ते लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते, तेव्हा पंचांचं बरोबर आहे. बकरं द्यायला मात्र ते तयार नाहीत.

आता मनातलं सांगतो. पहिल्या वर्षी मी खरंच आपटलो. गेल्या वर्षी उत्तर येत असून पान कोरं ठेवून उठलो. पास झालो असतो तर परत येऊन पागोटं बांधावं लागलं असतं, आणि मला दोन बैलांचं भांडण मिटवता येत नाही. मला शाळेत शिकवायचं आहे. तुम्हाला फसवलं याची लाज वाटते. लोभ कमी झाला तर चालेल, तुटू देऊ नये.

पूनमसिंग


तांडा, ८ ऑक्टोबर १९६१

चि. पूनमसिंगास पोटभर आशीर्वाद.

हे वाकडं अक्षर माझं स्वतःचं. खासगी पाहून देवीलालचं तोंड उतरलं. मी पत्र घेऊन कपाशीत बसलो, अक्षराला अक्षर लावता दुपार गेली.

तू खरं बोललास, आता मीही बोलतो. इसाकाच्या भावाची गोष्ट मला लागली, कारण चोराच्या मनात चांदणं. पागोटं एकदा बसलं की उतरवावंसं वाटत नाही रे. पुढं शीक, पुढं शीक म्हणून मी तुझ्या मागे लागलो, लोक म्हणाले काका असावा तर असा. त्या बादशहांनी मठात कोंडलं, तसं मी तुला कॉलेजात. तू नापास झालास तेव्हा मी चारचौघांत डोकं धरलं आणि घरात जाऊन गूळ खाल्ला. सोनीबाईनं ते पाहिलं होतं. म्हणून ती बोलत नव्हती.

काल नसाब बसवली, पागोटं मधे ठेवलं आणि सगळं सांगितलं. गूळही सांगितला. लालीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, की पोट्टा घ्यायले तयार नाही, हा सोडायले तयार नाही, मंग भांडण काहून? तिनंच पागोटं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं. दंड झाला: गुळापायी माझं एक बकरं, कोऱ्या पानापायी तुझं एक. फौजेला पुरेल.

यंदा पान भरून ये. तू मास्तर झालास तर दादाला बरं वाटेल, आणि मलेही. आठ वर्षं तू मोटारीतून पेटी घेऊन उतरलास की मी आधी पागोटं चाचपायचो, हा आता कायमचा आला की काय! यंदा तुझी पेटी उचलायले मी स्वतः फाट्यावर उभा राहीन.

आजवरच्या लोभात भीतीचा वाटा होता. तो वजा करून उरला तेवढा सगळा तुझा.

काका खेमसिंग