होडीचा तिसरा हात

आबा, तुमची होडी गोठ्यातून बाहेर काढली. अकरा वर्षं पालथी पडून होती. मागच्या सुट्टीत तळाची सडलेली फळी बदलली, काल घासून वार्निशचा पहिला हात दिला, आज दुसरा. खांदे भरून आलेत. आईला धरणापलीकडे मावशीकडे जायचंय. मावशीचे गुडघे गेलेत आणि आईला घाटातली जीप सोसत नाही, दोन वळणांत उलटी होते. पाण्यावरून गेलं तर घर समोरच दिसतं.

अकोले गावातल्या दुकानदारानं आधी फर्निचरचं चकचकीत वार्निश पुढं केलं. तसलाच डबा मी कॉलेजात असताना हौसेनं आणला होता, आठवतं? तुम्ही चुलीपाशी जवसाचं तेल कोमट करत बसला होता. झाकण उघडून वास घेतलात आणि म्हणालात, "चमक काय चाटायचीय? उनात तडकतंय हे. लाकूड फुगलं की संगं फुगंल, आसं आण." मला परतीच्या एसटीनं पुन्हा पाठवलंत. वाटभर मी तुमच्यावर धुमसत होतो. या वेळी तेलातलंच मागितलं. वाळायला दिवस लागेल, असं दुकानदारानं दोनदा बजावलं.

दिवसच तर नसतो, आबा. सुप्याच्या कारखान्यात मी रंगखात्यात आहे. तिथं रंगवलेला पत्रा भट्टीतून वीस मिनिटांत कोरडा होऊन येतो. या सवयीनं माणूस बिघडतो. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या वर्षी होडीला हात द्यायला मी शुक्रवारी आलो तो असाच, पाळ्या करून दमलेला आणि घाईत. दोन दिवस थांबूनही रविवारी लाकूड ओलसरच होतं, सोमवारी पहिली पाळी होती. एकच जाड थर फासला आणि हात धुतले. तिन्ही हात दिलेस का, असं तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो. तुम्ही माझी बोटं हुंगलीत आणि हसलात. भेटायला येईल त्याला सांगत होतात, पोरानं तीन हात दिलेत, होडीला आता मरण न्हाई.

तुम्ही गेल्यावर पुढच्याच हिवाळ्यात वार्निश पापुद्र्यांनी सुटलं. आत कोंडलेल्या ओलीनं फळी कुजली होती. आई एकटीच निघाली होती, पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा अर्ध्यातून वल्हवत माघारी आली. लुगडं पिळलं, होडी पालथी घातली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मघाशी ती चहा घेऊन आली. होडीवरून हात फिरवायला गेली, मी अडवलं. झालं का, म्हणाली. उद्या पहिली पाळी आहे. हो हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"न्हाई," मी म्हटलं. "एक हात राह्यलाय. लई दमलोय, आई."

"मंग उद्या दे," ती म्हणाली. "मावशी कुठं पळून चाललीय?"

एवढंच. कप घेऊन आत गेली. मी साहेबांना फोन करून उद्याची रजा सांगितली आणि ओट्यावर हे लिहायला बसलो. पाठवणार कुठं? त्या रविवारीही मी फक्त दमलो होतो, आबा. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हीही उद्या दे म्हणाला असता. मला तुमची भीती वाटली नव्हती. तुम्ही शाबासकी द्याल, हे मला ठाऊक होतं, आणि ती मला हवी होती.