लंगोटांचं दुसरं पाणी

बा, तुझ्या नातीचे लंगोट मी धुतो. हे आधीच सांगून टाकतो, हसायचं तर हसून घे. लंगोट म्हणजे तू फाडून करायचास तसले नाहीत, आता त्याला कापडी डायपर म्हणतात. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, त्याला चटचट लागणारी बटणं, पोर वाढेल तशी बटणं सरकवायची, आणि आत एक जाड सुती घडी, भिजली की काढून दुसरी. तुझी सून महाडला एमआयडीसीत पॅकिंगला जाते, पहिल्या पाळीला. मी घरी. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी पाचाडच्या खानावळीत ताटं उचलली, जेसीबीवर राहिलो, पुण्याला पार्सलं वाटली, वरंधच्या घाटात दरड उपसणाऱ्यांबरोबर एक पावसाळा काढला. कुठंच वर्षभर टिकलो नाही. घाटात असताना वरंधची ही पोरगी भेटली, ती तेवढी टिकली. पाच महिन्यांच्या लेकीपाशी बसायचं काम माझ्या वाट्याला आलं ते मी दुसऱ्या कुठल्या कामाचा नाही म्हणून. हे मी म्हणत नाही, सासू म्हणते.

डायपर बायकोबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी बारशाला दिले, सहा, रंगीत, एकावर हत्ती. बायको पुन्हा कामावर जायला लागली तसे मी ते बांधायला काढले, आणि त्या दिवसापासून ज्याला त्याला त्यातलं कळायला लागलं. घरमालकीण काकू म्हणाल्या, "एवढं जाड पायांत कोंबलं तर पोरगी फेंगडी चालेल." मी म्हटलं, काकू, ती अजून बसत पण नाही. "मग बसणार पण नाही!" शेजारचा रिक्षावाला म्हणतो, बरं झालं, सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत बघायला नको. म्हणजे एकीला वाटतं ह्यानं पोर अधू होईल आणि दुसऱ्याला वाटतं ह्यात पोर ठेवून गावाला जाता येईल. मी पण शहाणाच. पाकिटातनं काढले ते तसेच बांधले. कोरं कापड पाणी लगेच पीत नाही, चार-पाच वेळा धुतल्यावर प्यायला लागतं, हे मला कोण सांगणार? सांगणारा कागद पाकिटात होता, पण कागद वाचायला बसलो असतो तर नववीत शाळा का सोडली असती.

तर त्या पहिल्याच दिवशी सासू वरंधहून आली, नात मांडीवर घेतली, आणि पाच मिनिटांत तिचं नवं लुगडं भिजलं. मांडी वर करून बघत ती म्हणाली, "जावयबापू, हे लंगोट हाय का गाळणी?" बायको हसली. मी पण हसलो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

पुढं नव्हतं. पंधरा दिवसांत पोरीच्या जांघेत लाल झालं, मग पुरळ, मग सोलल्यासारखं. ती रडायची ते मला जिन्याखाली नळावर ऐकू यायचं. डॉक्टरांनी मलम दिलं, उघडं ठेवा म्हणाले. सगळे म्हणाले, कापड घाण असतं, कितीही धुवा. म्हणून मी अजून जोरात धुवायला लागलो. मूठभर पावडर टाकायचो तिथं दोन मुठी. काकू वरून ओरडायच्या, "आमच्या नळावर ते धुतोस तर जास्त पावडर टाक हो!" मी टाकायचो. फेसानं बादली वर यायची, बघून बरं वाटायचं. बादली भरेपर्यंत पण माझ्याच्यानं तिथं थांबवत नाही, तुला ठाऊक आहे. नाक्यावर पोलादपूरकडची एसटी वळते ती बघायला जायचो आणि बादली वाहून जायची. मग घाईघाईनं एकदा पाण्यातून काढायचं आणि दोरीवर.

सासू दुसऱ्यांदा आली ती पिशवी घेऊनच. पोरीला उताणी केली, बघितलं, आणि माझ्याकडं न बघता लेकीला म्हणाली, "गो, हिला मी घिऊन जाते. बाप्यामाणसाच्या हातात पोर वाढत नाय."

बा, मी हातातला डबा खाली ठेवला. हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. तसंच, त्याच चालीत.

मी दहा वर्षांचा आहे. आय बाळंतपणात गेली आहे, तिला डोलीतून डोंगर उतरवत होते तेव्हा वाटेतच. मागं राहिलीय वीतभर बहीण. आपली वाडी डोंगरमाथ्यावर, सात घरं, सगळ्यांकडं म्हशी. तू धार काढून किटली खांद्यावर टाकून पोलादपूरला उतरतोस, दुपारी वर येतोस, आणि लंगोट धुवायला बसतोस. जुनं कापड संपलं तसा तू डोक्याचा पटका सोडलास आणि दातांनी टराटरा फाडलास. थोरली काकी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "मेल्या, डोईचं ढुंगणाला लावतोस?" तू म्हणालास, "माजी डोई काय मुतत नाय, काकी." सगळी वाडी हसली. तुझं बोलणं असं असायचं तोवर. त्यानंतर तू उघड्या डोक्यानं उतरायचास, आणि पोलादपूरच्या चहावाल्यानं विचारलं तर सांगायचास, उन्हाळा हाय.

उन्हाळाच होता. त्या वर्षी झरा आटला होता. पिवळ्या साबणाची वडी तू घसाघसा चोळायचास, सोडा टाकायचास, आणि मी आणलेल्या एका हंड्यात सगळे लंगोट एकदाच काढून पिळायचास. दुसरं पाणी नव्हतंच. वाळले की ते पापडासारखे कडक व्हायचे. बहिणीला आग झाली. तू खोबरेल लावलंस, राख लावलीस, काकीनं सांगितलं ते सगळं लावलंस. मला तू फारसं बोलला नाहीस कधी. एकदाच म्हणालास, "तुला पाण्याला धाडला की तुझं पाय घाटाला लागतात रे." आणि हंडा उचलून आत नेलास.

मग खालच्या कापडे गावाहून आत्या आली. तिला मूल नव्हतं. तिनं पोरगी उताणी केली, बघितलं, म्हणाली, "दादा, बाप्यामाणसाच्या हातात पोर वाढत नाय. माझ्याकडं द्ये." मी दारात उभा होतो. तू एवढं तरी म्हणशील असं वाटलं की थांब, बघतो. तू खाली बघितलंस. उठलास, दोरीवरचे लंगोट काढलेस, एकेक घडी केलीस, आणि तिच्या पिशवीत भरलेस. पटक्याची लाल किनार वर दिसत होती. आत्या डोंगर उतरली तेव्हा तू गोठ्यात होतास. धार काढायची वेळ पण नव्हती ती.

ह्याचा राग मी अठरा वर्षं धरला, तू गेल्यानंतरही. तू होतास तोवर तोंडावर धरला, म्हणून तर माझ्या चौदाव्या वर्षी तुला अग्नी दिला आणि तिथूनच खाली उतरलो, परत वाडीवर राहिलो नाही. बहीण आता अठराची आहे. मागं पोलादपूरच्या बाजारात भेटली, आत्याबरोबर. मला म्हणाली, "या पावनं, चहा घेता का?" पावनं! मी घेतला. साखर जास्त होती.

तर सासूला मी म्हणालो, आठ दिवस द्या. तिनं विचारलं, "आठ दिवसांत काय करनार?" मला ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, "आये, बसलीस तर बस, नायतर जा, पण आठ दिवस पोर इथंच." सासू पिशवी तशीच घेऊन गेली. रिकामी पिशवी एवढी जड धरलेली मी कधी बघितली नाही.

रविवारी त्या डायपर देणाऱ्या बाई आल्या. दोन पोरं त्यांनी ह्यातच वाढवलेली. मला वाटलं त्या पण म्हणतील, नीट धुवत नाहीस. त्यांनी दोरीवरची वाळलेली घडी काढली, बोटांनी मोडून बघितली. म्हणाल्या, "एक बादली नुसतं पाणी आण. साबण नको." मी आणलं. त्यांनी ती धुतलेली, स्वच्छ, वाळलेली घडी पाण्यात टाकली आणि म्हणाल्या, "चोळ." मी चोळली. बा, फेस आला. साबणाचा कण नव्हता त्या बादलीत, आणि पांढरा फेस वर आला. "तुझ्या पोरीला कापड नाही लागलं," बाई म्हणाल्या, "तुझी पावडर लागली. धुणं तू जास्त केलंस, पाणी कमी दिलंस." सहाव्या बादलीला फेस थांबला. मी मोजल्या, आणि सहाही भरेपर्यंत नळ सोडून हललो नाही.

पावडर चमचाभर केली. पाणी तीनदा. दोन तासांनी बदलायचं, भिजो न भिजो. मलम संपेस्तोवर थांबलो, मग पुन्हा हत्ती बांधला. आठव्या दिवशी सासू आली. पोरीला उताणी केली. बराच वेळ बघितलं, बोट फिरवलं, पुन्हा बघितलं, जणू मी कुठं लपवून ठेवलंय. मग बटणं स्वतःच लावायला गेली, तिला जमेनात. मी लावली. "ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "पावसाळ्यात सुकवशील कुठं?" मी म्हटलं, पंख्याखाली. "बघू," म्हणाली. तिचं बघू म्हणजे पुढच्या वेळची पिशवी, मला कळतं. पण त्या दिवशी पोर राहिली.

ती गेल्यावर मी भिंतीशी बसलो आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी तुझाच राग आला. आठ दिवस. एवढंच मागायचं होतं तुला. अजून एक हंडा पाणी आणि आठ दिवस. पोर फेंगडी बिंगडी होईल असं तुला कोणी सांगितलं नव्हतं, तू पटका फाडलास, तू लाजला नाहीस, आणि पाण्यावाचून हरलास.

हे मी त्या पाकिटातल्या कागदाच्या मागं लिहितोय. पुढच्या बाजूला धुण्याच्या सूचना आहेत, आत्ता वाचल्या. साबण कमी, पाणी भरपूर, दुसऱ्याच ओळीत. कागद कुठं धाडायचा नाही, घड्यांच्या डब्यात तळाशी राहील. म्हणून एक लिहितो. झरा आटला होता असं मी वर लिहिलंय. आजवर बायकोलाही तेच सांगितलं, तुलाही रोज तेच सांगायचो. पहिला हंडा आणला की दुसऱ्याला निघायचो, आणि झऱ्याच्या वरच्या कातळावर बसून महाबळेश्वर घाटातल्या गाड्या बघायचो. लाल एसटी आली की ती खाली दिसेनाशी होईपर्यंत. मग रिकामा हंडा घेऊन यायचो आणि म्हणायचो, आटलाय.

झरा आटला नव्हता, बा. आणि तू रोज किटली घेऊन त्याच्याच काठानं उतरायचास.