गॅलरीखालचे टेकू

प्रिय बारक्या,

गुरुवारी सकाळी तुझ्या गॅलरीखालचे टेकू काढणार आहेत, असं आईकडून कळलं. ते काढू देऊ नकोस. एवढं वाचून पुढचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. पण तू फाडणार नाहीस. तुला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि कारण मी शेवटी लिहिणार आहे. आधी माझा राग वाच. दहा महिने साठलाय. फोनवर पहिल्याच वाक्याला माझा आवाज चढतो आणि दुसऱ्या वाक्याला तू फोन ठेवतोस. हल्ली तर उचलतही नाहीस. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आहे, ते सांभाळून घे. भिंत मात्र मी कधी वाकडी बांधली नाही.

सदतीस वर्षं मी लोकांची घरं बांधली. डॉक्टरांचं बांधलं, वकिलाचं बांधलं, त्या दोन मास्तरणींचं बांधलं ज्या दर आठवड्याला खिडकी इकडची तिकडे करायच्या. एकाही घराला अजून ओल आलेली नाही. आणि माझ्या सख्ख्या भावाने आयुष्यात एकदाच घर बांधायला काढलं, तर मला कधी कळलं? पायाचे खड्डे खणून झाल्यावर. तू घरी आलास, मोबाईल पुढे केलास आणि दोन बोटांनी चित्र मोठं करून दाखवलंस. म्हणालास, "दादा, बघ, बसल्या जागी घरभर फिरता येतं." मी फिरलो. तुझी बायको उंच, म्हणून ओटा चौतीस इंचांचा. आईचे गुडघे दुखतात, म्हणून जिन्याची पायरी सहा इंचांची. तुला पुस्तकं वाचायला खिडकीतच बसायची जागा. सगळं तुमच्या अंगाच्या मापाचं. घर चांगलं होतं रे. वाईट असतं तर मला एवढं लागलं नसतं.

तुला आठवत नसेल, पण तुझं हे घर पहिल्यांदा आपल्या एका खोलीच्या फरशीवर काढलं होतं. तू आठ-नऊ वर्षांचा होतास. आपल्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की शेजाऱ्यांची भिंत. आई दिवसभर त्या भिंतीकडे बघत भाजी निवडायची. तू शाळेतून खडू आणायचास आणि खोल्या काढायचास. मी तुला सांगितलं, अशा मनाला येतील तशा खोल्या काढायच्या नसतात, माणूस आडवा झाला तर किती जागा लागते ते आधी मापायचं. मग तू फरशीवर आडवा व्हायचास आणि मी डोक्याशी नि पायाशी रेघ मारायचो. बाबा कामावरून आले की त्यांनाही झोपवायचास. त्या घराला तू आईसाठी गॅलरी काढलीस. मी म्हटलं, पुढे एवढी आली तर खाली खांब लागतील. तू म्हणालास, "खांब नको, आईला रस्ता दोन्हीकडून दिसला पाहिजे." आणि मग म्हणालास, "घर माझं, मिस्त्री तू." मी ते धरून बसलो, हा माझा गाढवपणा. नऊ वर्षांच्या पोराचं बोलणं स्वतःच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत कोण धरून बसतं!

आता जोत्याच्या वेळचं भांडण. होय, तमाशा मी केला. तुझ्या ऑफिसातले दोघे घर बघायला आले होते आणि मी टेप लावून त्यांच्यादेखत त्या पिवळी टोपी घालून फिरणाऱ्या कंत्राटदाराला झापलं, की तुझा मागचा कोपरा काटकोनात नाही, अर्ध्या इंचाने बाहेर गेलाय. तुझं तोंड एवढंसं झालं. तू मला बाजूला घेतलंस आणि अगदी गोड आवाजात म्हणालास, "दादा, हे आता तुझं काम नाही. तू आराम कर. घर झालं की जेवायला ये." शिव्या दिल्या असत्यास तर मी दोन परत देऊन विसरलो असतो. पण जेवायला ये? आपल्याच घरी पाहुणा म्हणून येऊ? मी तसाच निघालो आणि घरी येऊन टेप भिंतीवर फेकून मारला. फेकल्यावर उचलायला गेलो तेव्हा दिसलं, की टेपच्या टोकाची पट्टी आधीपासूनच वाकलेली आहे. किती वाकलीय ते मापलं. अर्धा इंच. तुझा कोपरा बरोबर होता. हे आज पहिल्यांदा सांगतोय. दहा महिने तू माझ्यावर चिडून होतास ते बरोबर होतं आणि मी तुझ्यावर चिडून होतो तेही बरोबर होतं, फक्त कोपऱ्यावरून नव्हे. मला विचारलं नाहीस यावरून. तो राग अजून तसाच आहे, तो या पत्राने जायचा नाही.

तरी मी यायचो. तुला माहीत नाही. समोरच्या इमारतीच्या जिन्याला दुसऱ्या मजल्यावर खिडकी आहे. तिथे उभं राहिलं की तुझं अख्खं काम दिसतं. आठवड्यातून दोनदा तरी मी तिथे चोरासारखा उभा असायचो. तिथल्या एका बाईंनी शेवटी विचारलं, "आजोबा, कुणाकडे आलात?" मी म्हटलं, दम खातोय. भिंती चढताना बघितल्या. ताज्या बांधलेल्या भिंतीवर पाणी मारायला त्यांचा माणूस कंटाळा करायचा, तेही बघितलं. मी तिथेच पुटपुटत शिव्या घालायचो आणि घरी जायचो.

आणि मग स्लॅबचा दिवस. गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी मी सकाळी सातपासून खिडकीत होतो. तुझा इंजिनिअर आला, सगळं लोखंड बघितलं, सही केली, गेला. त्याची चूक नाही. तो गेला तेव्हा गॅलरीच्या सळया जागेवर होत्या, म्हणजे वरच्या अंगाला. आता हे नीट समजून घे. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे भिंतींवर टेकलेला असतो, तो मधे खाली वाकायला बघतो, म्हणून त्याची सळई तळाशी लागते. गॅलरी एकाच बाजूने धरलेली. तू हात सरळ पुढे कर आणि मनगटाला पाण्याची बादली अडकव. ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो, काखेत नाही. म्हणून गॅलरीची सळई वरच हवी. ती खाली गेली तर लोखंड असून नसल्यासारखं. टेकू आहेत तोवर काही कळत नाही. काँक्रीटचा माल ओतायला सुरुवात झाली आणि पाट्या घेतलेली माणसं त्याच सळयांवरून ये-जा करायला लागली. खाली आधाराचे तुकडे दोन-चारच ठेवलेले, तेही आडवे झाले. सळया माझ्या डोळ्यांदेखत दबत दबत तळाला गेल्या. कुणी उचलून वर बांधल्या नाहीत. वरून माल पडला आणि सगळं झाकलं गेलं.

मी धावत खाली आलो. या वयात दोन जिने. पिवळ्या टोपीला म्हटलं, माल थांबव, गॅलरीची सळई खाली गेलीय. तो हसला. म्हणाला, "काका, परवा कोपरा, आज सळई. साहेबांनी सांगितलंय, नातेवाइकांना कामावर येऊ द्यायचं नाही." तू असं सांगितलं होतंस? सांगितलं असशील. तुझ्या जागी मीही सांगितलं असतं, आणि तरी त्या क्षणी मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. फोन माझ्या खिशात होता, बारक्या. मी तो काढला नाही. मी वळलो आणि चालत घरी आलो. आणि खरं सांगतो, वाटेत मला बरं वाटलं. माझा टेप वाकडा असेल, पण तुझी ती पिवळी टोपी साध्या गॅलरीत चुकली. आता पडेल तेव्हा कळेल दादा कोण होता ते. हे असं, याच शब्दांत माझ्या मनात आलं. तुझ्यावर रागावून रागावून मी कुठे जाऊन पोचलो बघ. नंतर चार दिवसांनी तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, आणि मी म्हटलं, झालं, माझं काम संपलं.

परवा आई म्हणाली, "गुरुवारी टेकू काढतायत. धाकट्याने सांगितलंय, पुढच्या महिन्यात माझी खुर्ची गॅलरीत." चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, नवी चप्पल दाखवावी तसं मला सांगत होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिने बघितलं. तिच्यापासून काही लपत नाही. मी तिला सळईचं सगळं सांगितलं. तिने माझं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "एकदा गप्प बसलो ते तुझ्यासाठी बसलो. परत नाही. तू सांगतोस त्याला, की मी सांगू?"

तर आता ते सांगतो. तुला सांगितलं तसे बाबा शिडीवरून पडले नव्हते. माझं पहिलं स्वतंत्र काम होतं, चोवीस वर्षांचा होतो, एका शिंप्याचं दुमजली घर, पुढे चार फुटांची गॅलरी. सळया खाली दबल्या हे मीही बघितलं होतं. तेव्हा मला वाटलं, सगळ्या स्लॅबला लोखंड खालीच तर असतं, काय बिघडतं. बाबा सेंट्रिंगचे सुतार, फळ्या नि टेकू त्यांनीच लावलेले. काढायच्या दिवशी दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. म्हणाले, पोराचं पहिलं काम आहे, टेकू मीच काढणार. तीन काढले. चौथा काढताना माझ्याकडे बघून हसत होते. गॅलरी खाली आली आणि त्यांचा पाय तिच्याखाली गेला. लोक जमले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "टेकू मी लवकर काढले, पोराची चूक नाही." शुद्ध हरपायच्या आधी त्यांनी एवढं बोलून घेतलं. त्या एका वाक्यावर माझं मिस्त्रीपण टिकलं, त्याच्यावर आपलं घर चाललं आणि तुझं शिक्षण झालं. तुला शिडी सांगितली, कारण तू नऊ वर्षांचा होतास आणि माझ्या मागे मागे कामावर यायला बघायचास. नंतर खरं सांगायची हिंमत माझ्यात आली नाही. तू अठरा वर्षांचा असताना एकदा चिडून त्यांना म्हणालास, "तुम्हाला शिडी नीट लावता आली नाही आणि भोगतोय आम्ही." बाबा नुसते हसले. मी शेजारी जेवत होतो. मी घास गिळला आणि पुढचा घेतला. त्याच्यानंतरही दहा वर्षं ते जगले, काठी घेऊन, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझा सगळ्यात जुना राग माझ्यावरच आहे, बारक्या. तुझ्यावर निघाला तो त्याच्यावरचा थर.

आता तुला माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. वाकड्या टेपच्या माणसावर कुणी ठेवू नये. तपासायचं कसं तेवढं सांगतो. वरच्या बाजूने, गॅलरी जिथे घरातून बाहेर निघते तिथे, इंचभर खरवडायचं. सळई दिसली, तर मी पिवळ्या टोपीची सगळ्यांसमोर माफी मागेन आणि घर झालं की तू बोलावशील त्या दिवशी मुकाट जेवायला येईन. दोन इंच खाली जाऊनही दिसली नाही, तर एकाही टेकूला हात लावायचा नाही आणि इंजिनिअरला बोलवायचं. तो पाडा म्हणेल, नाहीतर खांब द्या म्हणेल. खांब आले तर आई खांबाच्या आजूबाजूने रस्ता बघेल, तिने भिंत बघत आयुष्य काढलंय. हे पत्र मी तुझ्या बायकोच्या हातात देतोय, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही. गुरुवारी सकाळी सातला मी तुझ्या गॅलरीखाली खुर्ची टाकून बसणार आहे. आई म्हणते, माझीही खुर्ची ने. तिला अडवणं माझ्याच्याने झालं नाही, तुला जमलं तर बघ. टेकू काढायचेच असतील तर त्या लोकांना आधी आम्हा दोघांना उचलावं लागेल. तू सातच्या आधी ये. छिन्नी मी आणतो.

अजून रागातच, तरी तुझाच,
दादा