कॅलेंडरमागची दोन अंडी

माय,

कोंबडी खुडूक बसली की गावातल्या बायका अंडी घेऊन तुझ्याकडं यायच्या. टोपलीत भुसा किती, टोपली कुठल्या कोपऱ्यात, सगळं तू ठरवायचीस. त्या दुष्काळाच्या साली मात्र कोंबड्याच उरल्या नव्हत्या. दाण्यावाचून काही मेल्या, उरलेल्या पाहुण्यांनी खाल्ल्या. पाहुणे दुष्काळातही वेळेवर यायचे. रिकामी टोपली पालथी घालून तू म्हणालीस, "ह्या साली घरात एक तरी जीव जन्मला पायजे बाई. न्हायतर त्याला घर कशाला म्हणायचं?"

दिवाळीच्या तोंडावर भिंतीला चुना देताना दूध सोसायटीचं कॅलेंडर खाली काढलं, तर मागं वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी. आपल्या पालीची. 'आपल्या' म्हणजे खरंच आपल्या. ती दिव्यापाशी आली की तू काडीच्या टोकावर किडा हलवून तिला भरवायचीस. चुन्याच्या वासानं ती गेली, ती आलीच नाही. मग तिची अंडी तू अंगावर घेतलीस. तेरखेड्याच्या फटाक्यांचा रिकामा खोका, त्यात भुसा, खोका चुलीमागच्या उबदार भिंतीशी. एक अंडं मोकळं होतं. दुसरं कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेलं, म्हणून तू तो पुठ्ठाच कापून आत ठेवलास.

कोंबडी अंडी फिरवते, म्हणून मोकळ्या अंड्यावर तू कोळशाचा ठिपका काढलास आणि सकाळ-संध्याकाळ ते उलटं करू लागलीस. चिकटलेलं हलेना. "हे लई हट्टी हाय," माझ्याकडं बघत तू म्हणालीस, "कुणावर गेलंय कुणास ठाऊक."

दादा, तुझे कारभारी, त्या दूध सोसायटीचे सचिव. दूध आटलं होतं, मीटिंगा आटल्या नव्हत्या. ते खोक्यात डोकावले. "पालीची अंडी उबवतीस? गावात कळलं तर लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तुम्ही तरी तिथं बसून काय उबवताय?"

दादा चहा तसाच ठेवून उठले.

संक्रांत जवळ आली आणि ठिपक्याचं अंडं आत दबलं, वाळलं. ते तळहातावर घेऊन तू परसात कितीतरी वेळ उभी आहेस, मला अजून दिसतेस. "माझा हातच वाईट झाला," एवढंच बोललीस. दुसरंही फेकायला निघालीस.

"राहू दे की माय," मी म्हणाले. "खायला मागतंय का ते?"

चार दिवसांनी भाकरी थापता थापता तू ओरडलीस, "अहो, या की हिकडं! घर बाळंत झालं!" पुठ्ठ्यावरचं अंडं फुटलं होतं आणि शेजारी करंगळीएवढं, काळसर, डोळे वटारलेलं पिल्लू. दादा धावत आले आणि पहिल्यांदाच कुठलीही सूचना न मांडता उभे राहिले. तू पिठाच्या हातानं पदर तोंडाला लावून हसत होतीस. "माझं ऐकलं न्हाय, म्हणून वाचलं बघ." मात्र पुढं कोंबड्या आल्या तरी बायकांची अंडी मांडायला तू कचरायचीस. आधी आपला हात बघायचीस.

त्यासाठीच लिहायला बसले. माझ्या मुलीनं हौसेनं पाल पाळली आहे, विकत आणून. आपल्याकडं फुकट होती. त्या पालीनं अंडी घातली, ती आता विजेवर गरम राहणाऱ्या पेटीत आहेत. मी तुझ्याच सवयीनं एक उलटं करायला बोट पुढं केलं, तर पोरगी ओरडली, "आई, हात लावू नकोस! पालीची अंडी फिरवायची नसतात. आतला जीव एका बाजूला चिकटलेला असतो, उलटं केलं तर गुदमरतो."

ऐकलंस ना, माय? तुझा हात वाईट नव्हता. तो कोंबडीचा होता, एवढंच.

तू गेलीस तिकडं पत्र पोचवणारी टपालपेटी नाही, तेव्हा हे इथंच राहील. आणि एक, पोरीला सांगू नकोस. मला पालीची किळस येते, असं मी तिला सांगून ठेवलंय. ती कामाला गेली की मी खुर्ची ओढून त्या अंड्यांसमोर बसते.