तुळसा तांडेल दोनदा मेली

मालवण,
ता. १६ जुलै २००६

चि. बाळा यास अक्काचा आशीर्वाद.

इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही असशील असं धरते, कारण काही दुखतंखुपतं असतं तर तू फोन केला असतास. (बरा असलास की करत नाहीस, हे आता आम्हाला पाठ झालंय.) तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? सीतेला सांग, आधी शेक, मग डॉक्टर. मी चौथीपर्यंत शिकलेली, हे पत्र वर्षालीला न दाखवता लिहिते आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. परत लिहिणार नाही.

तू मे महिन्यात आंब्याच्या रिकाम्या पेटीत दोन इंग्रजी पुस्तकं (एक काळं, एक निळं, दोन्ही एकाच तऱ्हेच्या खेळाच्या नियमांची) आणि थैलीभर फासे घालून बसमधून पाठवलेस. पेटी आली, तू आला नाहीस. फुटपाथवर मिळाली, भाचीला अवकाशातल्या गोष्टींचं वेड म्हणून घेतली, असं फोनवर म्हणालास. तुझं झालं, निस्तरायला मी आहे. वर्षाली गणपती झाले की पुण्याला नोकरीवर जाणार. घरात तिचे मोजके दिवस उरले. मला वाटलं, पोरं पडवीत खेळतील, मुलगी डोळ्यांसमोर राहील. तर खेळ सुरूच होईना. का, तर नियम कुठल्या पुस्तकाचे घ्यायचे हेच ठरेना.

खेळ असा, की पट नाही, पत्ते नाहीत. गोल बसायचं. एकाने सांगायचं, तुम्ही अमक्या ग्रहावर उतरलात, समोर शत्रूचं जहाज आहे, आता काय करता? बाकीच्यांनी आपापलं सोंग धरून उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते फासे सांगणार. (दशावतारात हेच चालतं, पण तिथे निदान तोंडाला रंग तरी लावतात.) प्रितेश काळ्या पुस्तकाचा. हा जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि काळ्यात प्रत्येक गोष्टीचा तक्ता आहे, इंजिन किती तापलं की काय फुटतं इथपर्यंत. वर्षाली निळ्याची. त्यात तक्ते नाहीत. गोष्ट चांगली रंगवली की एक चकती मिळते, आणि पुढे कुठे अडलं की ती चकती टाकून काम होऊन जातं. चारुता, ती मास्तरांची मुलगी, सकाळी काळी आणि दुपारी निळी.

तीन आठवडे हेच. प्रितेश म्हणे, तुझ्या पुस्तकात माणूस मरतच नाय, मगे भियाचा कोणाक? वर्षाली म्हणे, तुझ्या पुस्तकात जहाज हलवूक गणिताचो मास्तर लागता. शेवटी प्रितेश यायचा बंद झाला आणि वर्षाली रागाने कुडाळला मैत्रिणीकडे जाऊन राहिली. मोजक्या दिवसांतले दोन दिवस कुडाळला! ती परतली तशी मी मध्ये पडले. प्रितेशला जेटीवरून हाताला धरून आणला.

मी म्हटलं, दोन्ही नियम माझ्यावर करून बघा. मला इंग्रजी येत नाही, तेव्हा मला कळेल ते चांगलं. मासेमारीची बंदी आहे, बाजारात टोपली घेऊन बसायचं नाही, दुपारी मला वेळच वेळ. मी सोंग घेतलं तुळसा तांडेलचं, आकाशातल्या जहाजावरची मुख्य. (बाईमाणूस तांडेल कशी, असं तुझे भावोजी म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जाळं शिवा.)

आधी काळं पुस्तक. त्यात माणूस आयता मिळत नाही. त्याचं मागचं आयुष्य चार-चार वर्षांनी फासे टाकून काढतात. तुळसा अठराव्या वर्षी आरमारात लागली. मला बरं वाटलं. पुढचे फासे टाकले, प्रितेशने तक्ता बघितला आणि मान खाली घातली. ‘मावशे, तुळसा गेली.’ म्हटलं, खंय गेली? ‘मेली.’ अजून खेळ सुरू नाही, जहाज डोळ्यांनी बघितलं नाही, आणि बाविसाव्या वर्षी मेली! दुसरी तुळसा केली, ती सव्विसाव्या वर्षी. त्या पुस्तकवाल्याचं मी काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

मग निळं. ह्यात तुळसा जन्मली तीच जहाजासकट. चाचे मागे लागले, इंजिन बंद पडलं. वर्षाली म्हणाली, आये, चकती टाक आणि सांग इंजिन चालू झाला म्हणान. टाकली. झालं चालू. मला असा संताप आला की उठलेच. बाळा, देवगडासमोर ह्यांचं इंजिन बंद पडून बोट दोन दिवस वाहत होती, तेव्हा तू आणि मी किनाऱ्यावर बसून होतो. आपल्याला कोणी चकती आणून दिली होती? हे जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, ‘गावली आसती तर टाकली आसती.’ (दिवसभरात तेवढंच बोलले.)

काळ्यात तुळसा जगत नाही आणि निळ्यात दर्याच खोटा. मलाही ठरवता येईना. मग आपल्याकडे अडलं की करतात ते केलं. तिघांना आणि दोन्ही पुस्तकांना घेऊन देवळात कौल लावायला गेले. वाटेत चारुता म्हणाली, मावशी, अवकाशातलं देवाला काय कळणार? मी म्हटलं, आकाश मगे कोणाचा आसा गो? गप चल.

गुरवाने सगळं ऐकून घेतलं. लग्नाचे, जमिनीचे, चुकलेल्या म्हशीचे कौल त्याच्या सवयीचे, चांदण्यांतल्या जहाजांचा हा पहिलाच. पण माणूस डगमगला नाही. पाषाणाच्या उजव्या अंगाला काळ्याची म्हणून फुलाची ओली पाकळी लावली, डाव्या अंगाला निळ्याची, जी आधी पडेल तो कौल, आणि गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तारवां घेवन चांदण्यांत जातत, थंय जो कोण चाचो, राकेस वाटेत आडवो येयत तेका बाजूक कर म्हाराजा! आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा! चारुता सगळ्यांत मोठ्याने. उजवी पाकळी आधी पडली. काळं. वर्षालीने निळं पुस्तक मिटून काखेत मारलं. कौल मिळाला की वाद संपला, एवढं तिला मी शिकवलंय.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला बसतात ते दिवेलागणीला उठतात. तिसरी तुळसा जगली. (डावा हात कोपरापासून गेला, पण जगली.) मात्र माझा भात करपतो, प्रितेशच्या हाताचं तेल चटईला लागतं, आणि काल शेजारची हौसाबाई मीठ मागायला आली तर तिला राजाची बहीण करून बसवली, ती मीठ न घेताच गेली. तेव्हा गणपतीला ये आणि तुझी पुस्तकं उचलून ने. आम्हाला नकोत.

तुझी अक्का,
नर्मदा

ता. क. आल्या आल्या पुस्तकं उचलू नकोस. तुळसाच्या जहाजाचं इंजिन बंद आहे. सुटा भाग पुढच्या ग्रहावर मिळतो, तिथवर वाहत जायचं आहे. विसर्जनापर्यंत पोचू.

दुसरा ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पुस्तकं कोणाची, असं गुरवाने विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. म्हणून कौल तुझ्या नावावर आहे, आणि त्याला अट आहे. पुस्तकांच्या धन्याने चतुर्थीच्या आधी स्वतः येऊन देवासमोर नारळ ठेवायचा, नाहीतर कौल फिरला. कौल फिरला की तुळसा तिसऱ्यांदा मेली, ते तुझ्या माथ्यावर. बसमधून पाठवलेला नारळ चालणार नाही. कुडाळला उतर, प्रितेश न्यायला येईल. सहा वर्षं तुला रजा मिळाली नाही, ह्या वर्षी मिळेल.

तिसरा ता. क. अट देव बोलला की मी, हे गुरवाला विचारत बसू नकोस. वर्षालीची पुण्याची गाडी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आहे. तू चार दिवस जास्तीची रजा काढ. ती गेली की पोरंही यायची नाहीत, पडवीत मी आणि हे, दोघंच. खेळायला निदान तीन माणसं लागतात. ही एकच गोष्ट दोन्ही पुस्तकांत सारखी आहे, मी वर्षालीकडून दोनदा वाचून घेतली.