बादली वजा जाता

ती. दादांना सादर नमस्कार.

पत्र लिहायची पाळी आली, कारण सोमवारी विद्यापीठाच्या समितीत तुम्ही ज्या अहवालावर सही करणार आहात त्यातली शिफारस चुकीची आहे. फोनवर सांगायला जावं तर माझं वाक्य अर्ध्यात असतानाच तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन वहिनींकडे देता. कागदाच्या बाबतीत तसं करता येत नाही.

आधी चौकशी. नवी कवळी बसली का? बसली नसेल तर दंतवैद्याकडे पुन्हा जा. ती खिशात ठेवून फिरण्यासाठी केलेली नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? (त्या बरा आहे म्हणतील. त्यांचं ऐकू नका, जिना चढताना बघा.) माझं उत्तम चाललं आहे. रक्तदाब वाढला आहे, त्याचं कारण खाली येतंच.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी माझा गृहविज्ञान विभाग बंद झाला. बायका घरी शिकतात ते विद्यापीठात कशाला, असं तेव्हाच्या समितीचं मत पडलं. (त्या समितीत तुम्ही होता. मी विसरलेले नाही.) यंदा, आठ वर्षांनी, त्याच खोल्यांना रंग काढून ‘अन्नव्यवस्था विभाग’ उघडला. ओटे फोडले आणि गोल टेबलं आणली, कारण नव्या शिक्षणात सगळ्यांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं असतं. विभागप्रमुख तरुण आहेत, तीन देशांत शिकले आहेत, आणि फळ्यावर बाणांखेरीज काही काढत नाहीत. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाणवाले म्हणते. शेतातून बाण बाजाराकडे, बाजारातून ताटाकडे, ताटातून परत शेताकडे. मधे ओझं कोण उचलतं ते फळ्यावर नसतं.

त्यांनी मला ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ म्हणून आठवड्याला एक तास दिला. (घरी बसून गंजशील, असं तुम्हीच म्हणालात.) पहिल्या तासाला मी वर्गाला सांगितलं की काल जे जेवलात ते तुमच्यापर्यंत कसं आलं ते काढून दाखवा. बावीस कागद आले. बावीसही कागदांवर ट्रक होता, नऊ कागदांवर उपग्रह होता, चूल एकाही कागदावर नव्हती. शिजवणारं माणूस कुठे आहे, असं विचारलं तर एक मुलगी अदबीने म्हणाली, “मॅडम, ते बाणात येतं. प्रक्रियेत.” मी सगळ्यांना उठवून भिंतीपलीकडे नेलं. वसतिगृहाच्या मेसचं स्वयंपाकघर वर्गाला लागून आहे, पण तिथे आजवर एकही विद्यार्थी गेला नव्हता. बटाट्याचं पोतं पुढे ठेवलं. सोलून झाल्यावर साल कुठली आणि बटाटा कुठला यावर परिसंवाद घेता आला असता. एकाने विचारलं, याला मार्क आहेत का. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “आहेत की. जेवायला मिळालं तर पास.” त्या दिवशी वर्गात शिकवलं गेलेलं एवढं एकच वाक्य माझ्या लक्षात आहे.

तिथेच मुलांना खिळ्याला अडकवलेली उष्ट्याची वही दिसली, आणि इथून पुढे सगळं बिघडलं. ही वही मी सुरू केलेली. दीडशे मुली जेवून उठल्या की ताटांतलं उष्टं एका बादलीत जमा करायचं, बादली काट्यावर ठेवायची, येईल तो आकडा वहीत लिहायचा. बादलीचं वजन महिनाअखेरीला मी वजा करायचे. ते विसरू नये म्हणून दाराशेजारी भिंतीवर तेलरंगाने ‘बादली ४’ असं लिहून ठेवलं होतं. आता त्या भिंतीवर ‘शेतापासून ताटापर्यंत’ असं भलंमोठं चित्र आहे. माझा चार एका गाजराखाली गेला.

बाणवाल्यांनी वही उचलली, मुलांकडून प्रकल्प करून घेतला, प्रकल्पाचा अहवाल केला. माझ्या शेवटच्या वर्षांच्या छापील अहवालात एका जेवणाला उष्टं तीन किलो, आजच्या वहीत सात. म्हणजे स्वयंपाकीणबाईंच्या हाती मेस आल्यापासून नासाडी दुपटीहून जास्त झाली. सबब बाईंना कमी करावं, जेवण बंद डब्यांतून बाहेरून आणावं, आणि स्वयंपाकघराचं ‘अन्न-अनुभव दालन’ करावं. तिथे मुलांना पडद्यावर स्वयंपाक दाखवतील. ज्या बाई तिथे खराखुरा करतात त्यांना घालवून.

परवा विभागात बैठक झाली. बाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या, कारण गोल टेबलाला खुर्ची कमी पडली. मी म्हटलं, सात किलोत बादली धरली आहे. प्रकल्प करणाऱ्या तिघा पदवीधरांनी बादलीसुद्धा उष्ट्यात मोजली. मग प्लॅस्टिकची ती बादली सगळ्यांसमक्ष काट्यावर ठेवली. एक किलो भरली. बाणवाल्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे सात खोडून सहा केले आणि म्हणाले, “आभारी आहे, मॅडम. तरी तुमच्या तीनच्या दुप्पटच आहे.”

मी बादली काट्यावरून उतरवली. तीन किलो हा माझा आकडा आहे. आधी सहा होता. ‘ताट पुसून उठा’ हा धडा मी वर्षभर मुलींच्या डोक्यात भरला तेव्हा तो तीनवर आला, आणि त्याबद्दल विद्यापीठाने मला मानपत्र दिलं. (मजकूर तुमचा. ‘यांच्या धाकाने ताटेही लखलखतात.’ वाचताना तुमचा गळा दाटून आला होता.) शिस्त माझ्यामागे सैल पडली असेल, हे मला मान्य करावं लागतं. तेव्हा विनंती एवढीच, की बाईंना कामावरून काढू नये, लेखी ताकीद द्यावी. सव्वीस वर्षं बाई त्या चुलीपुढे आहेत.

वहिनींना नमस्कार. कवळीचं मनावर घ्या.

तुमची धाकटी बहीण

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी स्वयंपाकीणबाई आल्या. दुसरीकडे काम बघायचं म्हणून माझ्या हातचं शिफारसपत्र हवं होतं. चहाचा कप घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या आणि माझ्या लिंबाच्या झाडाकडे बघून म्हणाल्या, “ही इथे आहे होय. हिनेच माझी कंबर मोडली.” झाड ज्यात आहे ती मेसची जुनी लोखंडी बादली आहे. त्या वेळी बाई हाताखाली होत्या, बादली उचलवत नाही म्हणाल्या, म्हणून मी प्लॅस्टिकची आणली आणि ही घरी नेली. कोणत्या वर्षी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमचा सत्कार झाला त्याच वर्षी की.”

मी ट्रंकेतून त्या सालची वही काढली. उन्हाळ्यापर्यंत रोज दहा किलो, सुट्टीनंतर रोज सात. बादली बदलली, भिंतीवरचा चार मी बदलला नाही. एक किलोच्या बादलीचे चार किलो मी तीन वर्षं वजा करत राहिले. उष्टं आधी सहा होतं, तेव्हा सहा होतं, आज सहा आहे. माझ्या धड्याने एक घासही कमी झाला नव्हता.

परवा बैठकीत का बोलला नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, “चारचौघांत कसं सांगायचं, बाई? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

ता. क. २. वर लिहिलेली ताकीद रद्द समजा. शिस्त सैल पडल्याचं वाक्यही. ते खोडायला हवं होतं, पण खोडलं तर मी काय लिहिलं होतं ते तुम्हाला कळणार नाही, आणि ते कळायला हवं. सोमवारी सही करण्याआधी हे पत्र ता. क.सकट समितीपुढे मोठ्याने वाचा. मानपत्र वाचलंत त्याच आवाजात. गळा दाटून आणू नका. कवळी घालून जा, शब्द स्पष्ट यायला हवेत. शिफारसपत्र मी दिलेलं नाही. बाईंना त्याची गरज पडता कामा नये, ते आता तुमच्याकडे लागलं.

आज दुपारी तुम्ही झोपला असताना वहिनींच्या हाती दिलेल्या वस्तू:

उष्ट्याची वही, सत्काराच्या सालची, पानं सगळी जागेवर.

लोखंडी बादली, एक. झाड काढून, घासून, कोरडी करून. वजन चार किलो.

प्लॅस्टिकची बादली, एक. बाईंकडून मागून आणलेली. बैठक झाली की मेसला परत करावी. वजन एक किलो.

मानपत्र, एक, चौकट आणि काचेसह. वजन सव्वा किलो. चौकट आणि काच वजा जाता, काही नाही.